श्रीकरचा पट्टा

माझं हृदय चांगलं आहे. विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या विनुता मॅडमनी तसं सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं होतं, फक्त त्या कागदावर नाव श्रीकरचं होतं.

लोक मला अजून शाबासकी देतात. "बरा वेळेवर धावलास," म्हणतात. माझा स्वभाव मुळात तिरसट, त्यामुळे कुणी तसं म्हटलं की मी फटकन काहीतरी बोलून मोकळा होतो. मग म्हणतात, पोरगा विनयशील आहे. कसला विनय! म्हणून एकदा काय ते लिहून टाकतो. मराठी लिहायला मी उशिरा शिकलो, पुण्यात नोकरीला दोन वर्षं काढली तेव्हा. आमची तंजावरची मराठी पुण्यातल्या लोकांना गंमतीची वाटते, म्हणून लिहिणं त्यांच्यासारखं ठेवलंय. बोलणं मात्र आमचं आहे तसंच, 'होतंय'ला 'होऊलालें' म्हणणारं.

मी राघवेंद्र. त्या वर्षी आमच्या विद्यापीठाच्या स्क्वॉश संघाचा कॅप्टन होतो. स्क्वॉश म्हणजे बंद खोलीत दोघांनी एकाच भिंतीवर रबरी चेंडू मारत एकमेकांचा जीव काढायचा. मागची भिंत काचेची, तिच्यातच दार, आणि वर प्रेक्षकांची गॅलरी. तंजावरात हा खेळ कुणाला ठाऊक? आमच्या हॉस्टेलच्या वॉचमनला पहिलं वर्षभर वाटत होतं की आम्ही सरबताच्या कंपनीकडून खेळतो. पण ओळीनं दोन वर्षं आम्ही देशभरातल्या विद्यापीठांना हरवून चषक आणला, तेव्हा तोच वॉचमन फाटकात सलाम ठोकायला लागला. तिसऱ्या वर्षीची स्पर्धा आमच्याच कोर्टावर भरणार होती.

आमच्या यशाचं गुपित विचारलं की गोपालकृष्ण सर नुसते हसायचे. सर रोज पहाटेच्या गाडीनं पापनाशमहून यायचे आणि सहाला कोर्टावर हजर असायचे. त्यांचा एकच नियम होता. चेंडूशिवाय कोर्टाच्या सहा कोपऱ्यांत पळायचं, मध्ये परत यायचं, पुन्हा पळायचं. पाच जणांनी आळीपाळीनं, मिळून तीनशे फेऱ्या. आणि मध्येच कुणी 'पोदुम' म्हणालं, म्हणजे आता पुरे असं म्हणालं, की सगळ्यांच्या फेऱ्या शून्यावर. पहिल्या वर्षी मुरलीच्या पोटरीत गोळा आला आणि तो दोनशे ऐंशीव्या फेरीला 'पोदुम' म्हणाला. आम्ही पुन्हा पहिल्यापासून पळालो. त्या रविवारी सगळ्यांसाठी तिरुवैयारुहून अशोका हलवा आला, त्यातला घास मुरलीला कुणी दिला नाही. मीही नाही दिला. तेव्हापासून आमच्यातल्या कुणाच्याही तोंडून तो शब्द निघाला नाही. पाय सुजले, नखं उखडली, ताप आला, तरी नाही. दुसरे संघ चौथ्या गेममध्ये दमायचे आणि आम्ही दमलेलो असलो तरी ते कळू द्यायचो नाही, एवढंच ते गुपित.

श्रीकर आमचा पहिल्या नंबरचा खेळाडू. मी दुसऱ्या, मुरली तिसऱ्या. श्रीकरच्या आणि माझ्या घरी मराठी, म्हणून आम्ही दोघं कोर्टावर मराठीत बोलायचो. सरांना त्यातलं अक्षर कळत नसे, आणि आम्हाला त्याची फार मजा वाटायची. श्रीकरचे वडील ओरत्तनाडुला सरकारी कचेरीत होते. बेचाळिसाव्या वर्षी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. फाइल समोर उघडी होती म्हणे. श्रीकर तेव्हा सातवीत होता. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही.

दुसऱ्या चषकानंतर विद्यापीठानं आम्हाला छातीचे पट्टे घेऊन दिले. छातीला बांधायचे, मग नाडीचे ठोके फोनवर दिसतात आणि आकडे परस्पर विनुता मॅडमकडे जातात. स्पर्धेच्या तीन आठवडे आधी एका सकाळी कोर्टावर आम्ही दोघंच होतो. श्रीकर आत पळत होता, मी काचेबाहेर त्याचा फोन धरून बसलो होतो. एकशे सत्तर, एकशे शहात्तर, आणि एकदम दोनशे एकतीस. मला वाटलं फोन बिघडला. मग मी काचेतून आत पाहिलं. श्रीकर डावा हात भिंतीला टेकून उभा होता. तो मुळात गोरा, पण त्याचे ओठ मातकट झाले होते, आणि तो कुठंच पाहत नव्हता. आकडा चार मिनिटं तसाच राहिला. चार मिनिटं म्हणजे किती, ते मला त्या दिवशी कळलं. मी दार उघडलं नाही. का नाही उघडलं, ते आजही सांगता येत नाही. फेऱ्या चालू होत्या म्हणून, असं असेल.

मग आकडा धाडकन एकशे चाळीसवर आला आणि तो बाहेर आला.

"पट्टा सुकला असेल," तो म्हणाला. "सुकला कीं खोटें दाखवतो."

"तुझें तोंड बी सुकलें होतें काय?" मी म्हणालो. दोघंही हसलो. पण माझ्या हातातला त्याचा फोन घामानं ओला झाला होता आणि तो घाम माझा होता.

दुसऱ्या दिवशी विनुता मॅडमनी बोलावलं. कॅप्टन म्हणून मीही गेलो. त्यांनी ईसीजी काढला. ठीक आला. त्या म्हणाल्या, निजून काढलेला ईसीजी पुष्कळदा ठीकच येतो. पट्टाही कधी कधी खोटं बोलतो. तेव्हा नवा पट्टा बांधून तीन दिवस नेहमीसारखा सराव करा, मी समोरच्या दवाखान्यातच आहे. आकडे पुन्हा तसे आले तर मोठ्या डॉक्टरांकडे, आणि तोवर खेळ बंद. साधी, सरळ बाई. मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला हृदयाचा त्रास? कुणी तरुणपणी गेलंय?

"नाही, मॅडम," श्रीकर म्हणाला.

मी त्याच्या शेजारच्या खुर्चीत होतो. मूग गिळून बसलो. त्या खोलीत भिंतीवर पंखा होता, त्याची जाळी मी बघत राहिलो.

नवा पट्टा मिळाला त्या सकाळी कपडे बदलायच्या खोलीत श्रीकरनं तो माझ्यापुढं धरला.

"तूं घाल."

"येडा आहेस?"

"तीन दिवस. तुझा मी घालतों, कोण पाहतें? फायनल जाली कीं मी स्वतः जाऊन सांगतों. आईस बी सांगतों."

"आणि काय जालें तर?"

"काय होतें? मज कांहीं होऊलालें नाहीं." तो माझ्याकडं न बघता बुटाची नाडी बांधत होता. "माझ्याशिवाय जिंकतोस काय तूं?"

मैत्रीखातर केलं म्हणायला सोपं आहे. मैत्री होतीच. पण त्यानं शेवटचं वाक्य बोलल्यावर मी पट्टा घेतला, हेही खरं. मला तो चषक हवा होता. तिसऱ्यांदा आणि कॅप्टन म्हणून. मी तीन दिवस श्रीकरचा पट्टा माझ्या छातीवर बांधून पळालो आणि माझं हृदय घड्याळासारखं चाललं. माझ्या पट्ट्यावर, म्हणजे त्याच्या छातीवर, काहीच आलं नाही. त्यानं तो बांधल्यासारखं केलं आणि बंदच ठेवला. मॅडमनी विचारलं तर पट्टा बिघडला म्हणायचं ठरलं होतं. त्यांनी विचारलं नाही, त्यांना काळजी श्रीकरची होती. चौथ्या दिवशी त्यांनी कागद दिला. 'खेळण्यास योग्य.'

त्या कागदानंतर माझी जी पाचावर धारण बसली, ती उठली नाही. मेसमध्ये तो समोर सांबारभात कालवत असायचा आणि मी त्याच्या मानेकडं बघायचो, शीर उडते का ते. तो जिना चढला की मी खाली थांबून त्याची पावलं मोजायचो. वर्गात तो मान खाली घालून पेंगला की मी त्याला कोपरानं ढोसायचो. एकदा तो खरंच चिडला. "मी काय अंडें आहें, राघू? फुटतों काय?" मी त्याला म्हणालो, चल, मॅडमकडे जाऊ, आत्ता जाऊ. तो म्हणाला, फायनल होऊं दे. मी 'सेरी' म्हणालो, म्हणजे बरं. किती पटकन म्हणालो ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

फायनलचा दिवस उजाडला. दुपारी तीनला सामना. समोर उत्तरेकडच्या एका विद्यापीठाचा संघ, उंचेपुरे, शिस्तीचे. तीन सामने, ज्याचे दोन त्याचा चषक; आणि एका सामन्यात अकरा-अकरा पॉइंटांचे तीन गेम घेतले की तो सामना जिंकला. गॅलरीत बसायला जागा नव्हती. पहिल्या रांगेत विनुता मॅडम त्यांची मोठी पेटी घेऊन बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी श्रीकरची आई, राजलक्ष्मीमामी. आमच्याकडे मित्राच्या आईलाही मामीच म्हणतात. मामी आजवर कधी सामना बघायला आल्या नव्हत्या, त्यांना चेंडूचा आवाज सोसत नाही. घरच्याच गावात फायनल म्हणून आल्या. त्या दोघी शेजारी बसून बोलत होत्या आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. मॅडमनी सहज श्रीकरच्या वडिलांचं विचारलं तर? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. मी पुन्हा पुन्हा त्यांच्याकडं बघत होतो आणि त्या कशावर हसताहेत ते मला ऐकू येत नव्हतं.

मुरली जिंकला. मी हरलो, सरळ तीन गेममध्ये. चांगला हरलो असं म्हणायची सोय नाही, मी खेळलोच नाही. आता सगळं श्रीकरवर आलं. मी अंग न पुसताच गॅलरीत जाऊन मामींच्या मागं उभा राहिलो.

समोरचा डावखुरा होता. पहिला गेम श्रीकरनं अकरा-सात घेतला, आणि असा घेतला की लोक बाकांवर उभे राहिले. गेम संपल्यावर त्यानं वर पाहिलं. एवढ्या गर्दीत थेट माझ्याकडं. मला वाटलं, त्याची नजर विचारतेय की मी कुणाला काही बोललो तर नाही. मी ओठांवर बोट ठेवलं. काळजी करू नको, माझं तोंड बंद आहे. तो क्षणभर तसाच उभा राहिला आणि मग पाणी प्यायला बाहेर गेला.

दुसऱ्या गेममध्ये मला ते दिसलं. आमच्यात सगळेच भिंतीला हात पुसतात. घामानं रॅकेट निसटते, म्हणून मधल्या वेळात तळवा भिंतीवर घासायचा. पण पुसायचा तो रॅकेटचा हात, उजवा. श्रीकर दर पॉइंटनंतर भिंतीपाशी जात होता आणि डावा हात टेकत होता. गॅलरीतल्या शंभर माणसांना वाटलं असेल, हात पुसतोय. सरांना कसं कळलं नाही? की त्यांनाही तो हात पुसतोय असंच वाटलं? भिंतीवर घासल्याची ओली रेघही उमटत नव्हती. तो हात पुसत नव्हता, तो उभा राहत होता.

गेम गेला, नऊ-अकरा. मधे दोन मिनिटं असतात. मी धावत खाली गेलो. काचेबाहेरच्या बाकावर तो बसला होता, सर त्याच्या मानेवर ओला टॉवेल दाबत तमिळमध्ये भराभर सांगत होते, मागच्या कोपऱ्यात टाक, उंच टाक, तो दमलाय. मी खाली वाकून मराठीत विचारलं.

"कसें वाटूलालें?"

"बरें."

"छातींत?"

 त्यानं बाटली तोंडाला लावली, पाणी हनुवटीवरून खाली गेलं. मग विचारलं, "मॅडमीस सांगितलेंस?"

"नाहीं. कोणासही नाहीं. शपथ."

तो माझ्याकडं बघत राहिला. सरांनी विचारलं, काय म्हणतोय? मी म्हणालो, काही नाही सर, तयार आहे म्हणतोय.

"सेरी," श्रीकर म्हणाला आणि उठला. उठताना त्यानं बाकाची कड धरली.

तिसरा गेम कसा झाला ते मला विचारू नका. मी चेंडू पाहिलाच नाही. मी त्याचा डावा हात बघत होतो. बारा-दहा, श्रीकरचा. टाळ्या, शिट्ट्या, मुरली माझ्या पाठीत गुद्दे घालत होता. मामी मात्र टाळ्या वाजवत नव्हत्या. त्यांनी मागं वळून माझा सदरा ओढला.

"राघू, त्याचें तोंड कां असें दिसूलालें?"

"दमला आहे, मामी. सगळ्यांचें तसेंच होतें."

"त्याच्या अप्पाचें तोंड त्या दिवशीं सकाळीं असेंच होतें," मामी म्हणाल्या. अगदी हळू, जणू स्वतःशीच. मग पुन्हा पुढं वळून पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या.

विनुता मॅडम त्यांच्यापासून हातभर अंतरावर होत्या. मामी मराठीत बोलल्या होत्या, मॅडमना ते कळलं नाही. मला कळलं. तिथं कळणारा मी एकटाच होतो.

चौथा गेम सुरू झाला. मी कठडा घट्ट धरला होता. मी मनाशी हिशेब मांडत होतो, आणि तो हिशेब सांगायची मला लाज वाटते, पण सांगतो. आत्ता थांबवलं आणि त्याला काहीच झालेलं नसलं, तर? चषक गेला, श्रीकर जन्मात तोंड बघणार नाही, आणि वर पट्ट्याचं उघडकीला येणार. मला काढून टाकतील. विद्यापीठातून बदली हृदयाचा माणूस म्हणून बाहेर पडीन. घरी माझ्या अप्पांना काय सांगू? एवढे दिवस मी समजत होतो की मला श्रीकरच्या मरणाची भीती वाटतेय. त्या कठड्याशी उभं राहून मला कळलं की त्यातली निम्मी भीती पकडलं जाण्याची होती. आणि ती निम्मी भीती दुसऱ्या निम्मीचं तोंड दाबून बसली होती.

श्रीकर आठ-सहानं पुढं होता. तीन पॉइंट हवे होते. लोक मोजायला लागले होते. त्यानं एक चेंडू हळूच पुढच्या कोपऱ्यात सोडला, डावखुरा पोचला नाही. नऊ-सहा. सगळे ओरडले. श्रीकर मधल्या रेघेवर उभा राहिला आणि पुन्हा वर बघायला लागला. डोळे माझ्यावर होते आणि तो पापणी हलवत नव्हता.

मी जिन्यावरून कसा उतरलो ते आठवत नाही. गुडघा कुठंतरी आपटला होता, ते काळंनिळं नंतर दिसलं. मी खाली पोचलो तेव्हा पुढचा चेंडू सुरू झाला होता. खेळ चालू असताना कोर्टाचं दार उघडायचं नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात, कारण दार आत उघडतं आणि पळणाऱ्याचं डोकं फुटतं. मी काचेवर दोन्ही तळव्यांनी मारलं. पंच ओरडले. डावखुऱ्यानं रॅकेट खाली केली. मी दार ढकललं आणि आत गेलो.

"पोदुम," मी म्हणालो.

कोर्टात आवाज घुमतो. तो शब्द चारी भिंतींवरून परत आला.  पंचांनी विचारलं, काय प्रकार आहे? मी म्हणालो, मी कॅप्टन आहे, आम्ही हा सामना सोडतो. सर धावत दारात आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, मला वाटलं मारतील. नऊ-सहा आहे, मूर्खा, ते म्हणाले, नऊ-सहा आहे.

मी वर बघून तमिळमध्ये ओरडून सांगितलं. मॅडम, तो पट्टा मी घातला होता. तीन दिवस मीच घातला होता. त्याचे वडील बेचाळिसाव्या वर्षी गेले.

विनुता मॅडमनी मला एक शब्द विचारला नाही. पेटी उचलली आणि जिन्याकडं पळाल्या. तेवढ्यात श्रीकर खाली बसला. पडला नाही, भिंतीला पाठ लावून सावकाश बसला, दमून घरी आलेला माणूस ओट्यावर टेकतो तसा. मॅडमनी त्याचं मनगट धरून मोजायला सुरुवात केली आणि मोजता मोजता थांबल्या. "झोपवा त्याला," एवढंच म्हणाल्या. आम्ही झोपवला. त्याचे डोळे पांढरे झाले. त्या पेटीत काय असेल याचा मी तीन आठवड्यांत एकदाही विचार केला नव्हता. त्यांनी त्याचा सदरा कात्रीनं कापला, छातीवर दोन चिकट तुकडे लावले आणि सगळ्यांना मागं सरकायला सांगितलं. विजेच्या धक्क्यानं त्याचं अंग एकदा उसळलं. मामी दारात उभ्या होत्या, त्यांच्या हातात त्याचा एक बूट होता. तो त्यांच्याकडं कसा आला कुणास ठाऊक. यंत्र तमिळमध्ये काहीतरी सांगत होतं. माझे कान बंद झाले होते.

मग मॅडमनी त्याच्या मानेवर बोटं ठेवली आणि स्वतःची मान हलवली. त्या हो म्हणताहेत की नाही, हे मला कळेना. मी रडायला लागलो. मुरलीनं मला धरून बाहेर नेलं आणि म्हणाला, आहे रे, आहे.

चषक त्यांना गेला. मला वर्षभरासाठी विद्यापीठातून काढलं. ते योग्यच होतं. गोपालकृष्ण सर दवाखान्याच्या पायरीवर माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, मला कुणी का सांगितलं नाही? मी म्हणालो, "सर, तुम्हीच तर शिकवलंत." असं तोडून बोलायला नको होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पापनाशमच्या गाडीला निघून गेले. त्यानंतर ते कोर्टावर आले नाहीत.

श्रीकरच्या गळ्याच्या हाडाखाली डॉक्टरांनी एक यंत्र बसवलं. हृदय पुन्हा भरकटलं तर ते आतूनच धक्का देतं. स्क्वॉश कायमचा बंद. आठव्या दिवशी मला भेटू दिलं. मामी कॉफी आणायला खाली गेल्या होत्या. तो उशीला टेकून बसला होता, खांद्याला पट्टी, दाढी वाढलेली. मी स्टुलावर बसलो आणि म्हणालो, मज माफ कर, नऊ-सहा होतें.

"राघू," तो म्हणाला, "इतका वेळ कां लावलास?"

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"पहिला गेम जाला तेव्हांच मी वर पाहिलें," तो म्हणाला. "छातींत पाखरूं फडफडूलालें होतें. मज कळलें होतें. मज म्हणायला येईना. सर होते, आई होती, सगळे ओरडूलाले होते. म्हटलें, राघू पाहूलाला आहे, तो म्हणेल. आणि तूं ओठावर बोट ठेवलेंस."

"मज वाटलें तूं सांगूं नको म्हणूलालास."

"दुसऱ्यांदा बाकावर बी विचारलें. मॅडमीस सांगितलेंस का म्हणून."

"मी शपथ घेतली," मी म्हणालो. 

 तो रागावलेला दिसत नव्हता, ते मला जास्त लागलं. बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं, त्याचं एक चाक करकरत होतं. मी म्हणालो, "मज भय वाटलें, श्रीकर."

"मजही," तो म्हणाला.

मामी कॉफी घेऊन आल्या. पट्ट्याचं त्यांना कळलंच होतं, कोर्टावर सगळ्यांदेखत मी ते ओरडून सांगितलं होतं. तरी त्या मला कधी एक कडू शब्द बोलल्या नव्हत्या. आताही त्यांनी एक हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "तूं वेळेस धावलास, बाळा. तूं नसतास तर माझें काय होतें?"

श्रीकरनं माझ्याकडं पाहिलं. या वेळी मी त्या नजरेचा अर्थ लावत बसलो नाही. मी म्हणालो, मामी, वेळेस नाहीं धावलों. आणि मॅडमनी वडिलांचं विचारलं तेव्हा मी कसा गप्प बसलो, पहिल्या गेमनंतर त्यानं वर कसं पाहिलं, मी काय खूण केली, त्यांनी स्वतः मला त्याच्या तोंडाबद्दल विचारलं तेव्हा मी काय उत्तर दिलं, सगळं सांगितलं. मध्ये कुठंतरी त्यांनी हात माझ्या डोक्यावरून काढून घेतला. माझं सांगून झालं तेव्हा तो हात त्यांच्या मांडीवर होता, आणि त्यांनी तो पुन्हा उचलला नाही.